गेममधला छुपा फॉर्म्युला आणि तांबट आळीतलं पातेलं

व्हिडिओत आकडेमोड भरभर झाली, बऱ्याच जणांना ती लिहून हवी होती. वही-पेन घ्या, म्हणजे सोबत करता येईल.

माइनक्राफ्ट गेम तुम्ही नाहीतर तुमच्या पोरांनी खेळलेला असणार. त्यात तलवारीवर, कुदळीवर जादू चढवायचं एक टेबल असतं. भोवती पुस्तकांची कपाटं ठेवली की जादूची पातळी वाढते. किती कपाटांना किती, ते खेळताना स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नसतं. एकेक कपाट वाढवायचं, बाकी काही हलवायचं नाही आणि दर वेळी आकडा टिपायचा. मग कळतं की १५ कपाटांना पातळी ३० वर जाऊन थांबते. सोळावं कपाट म्हणजे वाया गेलेलं लाकूड आणि कातडं. आणखी एक गंमत: टेबल आणि कपाट यांच्या मधल्या जागेत साधी मशाल लावली, तरी ते कपाट मोजलंच जात नाही. म्हणजे वस्तू किती, एवढंच पुरत नाही. ती कुठे आणि कधी, हेही फॉर्म्युल्यात असतं.

आता चला कसबा पेठेत. पुण्याची सगळ्यात जुनी पेठ, आणि तिच्यात तांबट आळी. कोकणातून आलेले हे कारागीर पेशवाईपासून इथे तांब्या-पितळेची भांडी ठोकतायत. एके काळी घरोघरी पाणी तापवायचे बंब इथूनच जायचे. गीझर आले आणि ते गिऱ्हाईक संपलं. आता काही तरुण मंडळी या भांड्यांचा ऑनलाइन धंदा करू बघतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘चांगलं भांडं ओळखायचं कसं?’ कारागिराचा हात ते जाणतो, पण त्याचा तक्ता भिंतीवर टांगलेला नसतो.

सोप्या भागापासून सुरू करू: जाडी. तांब्याच्या एका घन सेंटीमीटरचं वजन ८.९६ ग्रॅम. ३० सेंमी व्यासाची गोल चकती घेतली, तर तिचं क्षेत्रफळ साधारण ७०७ चौ. सेंमी. १८ गेजचा पत्रा (१.२२ मिमी) असेल तर चकती ७७० ग्रॅमच्या आसपास भरते, २० गेज (०.९१ मिमी) असेल तर ५८०, आणि २२ गेज (०.७१ मिमी) असेल तर ४५०. गेजचा आकडा मोठा तेवढा पत्रा पातळ, हे नवीन लोक हमखास उलटं धरतात.

हेच गणित मागून करा. सरळ भिंतीचं पातेलं, व्यास १६ सेंमी, उंची १२. तळ २०१ आणि भिंत ६०३, मिळून ८०४ चौ. सेंमी. वजन ७२० ग्रॅम भरलं. ७२० भागिले (८०४ × ८.९६), म्हणजे ०.१ सेंमी. जाडी सरासरी १ मिमी. टेप आणि वजनकाटा, बस्स! कान आणि कड्या असतील तर त्यांचं वजन आधी वजा करा.

खरी मजा पुढे आहे. दोन पातेली, वजन सारखं, जाडी सारखी. एकाला पोचा पडतो, दुसऱ्याला पडत नाही. का? माठारकाम. थंड तांब्यावर हातोडीचे ठोके बसले की धातू कडक होतो, मऊ तांब्याच्या जवळजवळ दुप्पट. पण ठोकतच राहिलात तर तडकतो, म्हणून मधे लाल होईपर्यंत तापवून परत मऊ करावा लागतो. (पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, तांबं मात्र मऊच राहतं.) आता मशालीची गोष्ट आठवा. ठोके कितीही मारा, शेवटच्या तापवणीच्या आधी मारलेल्या ठोक्यांचा कडकपणा भट्टीत निघून गेलेला असतो. मोजायचे ते नंतरचे ठोके. आणि मशीनवर दाबून उठवलेल्या ‘ठोक्यां’ना भुलू नका, तिथे एकाच साच्याची खूण तंतोतंत पुन्हापुन्हा येते, हाताच्या ओळीत थोडा उन्नीस-बीस असतोच.

कल्हईचं थोडक्यात: कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं रिकामं भांडं गॅसवर विसरू नका, हे गिऱ्हाइकाला कागदावर लिहून द्या. आंबट शिजवायचं तर कल्हई हवीच.

तुमचा माल पापड असो की साबण, पद्धत हीच: एका वेळी एकच गोष्ट बदला. पण एकदोनदा करून निकाल लावू नका. समजा तुमच्या मालात दहात एक नग बिघडतो. तरीही सलग दहा नग चांगले निघण्याची शक्यता ३५ टक्के असते! ‘दहा केले, एकही बिघडला नाही’ याला पुरावा म्हणत नाहीत. सलग ३० चांगले निघाले तर बोलू, कारण तिथे ही शक्यता जेमतेम ४ टक्क्यांवर येते.

आता पैशाकडे या. तांब्याची भांडी परंपरेनं किलोवर विकली जातात. समजा भाव किलोला १,२०० रुपये धरला. वरची १८ गेजची चकती ९२४ रुपयांची, २० गेजची ६९६ ची. पातळ पत्रा घेऊन, नीट माठारून तेवढाच टणक करणाऱ्या कारागिराला २२८ रुपये कमी, आणि मेहनत जास्त! किलोचा भाव त्याचं कौशल्य मोजतच नाही. तुम्ही त्याच्याकडून माल घेणार असाल आणि तुम्हीही किलोवरच घासाघीस केलीत, तर तो काय करेल? ठोके कमी करेल. मग तुमच्या वेबसाइटवर पोचे पडलेल्या भांड्यांचे फोटो यायला लागतील.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. धातूचा खर्च वजनावर, मजुरी तासावर, आणि विक्री नगावर. पातेल्यासोबत एक छोटं कार्ड द्या: गेज, वजन, शेवटच्या तापवणीनंतर हातानं माठारलंय का, कल्हई कधी केली. पहिल्या लॉटला दर नगाला लागलेला वेळ कारागिराच्या शेजारी बसून घड्याळ लावून मोजा, त्याला विचारून. ते तास हातात आले की पुढच्या व्हिडिओतल्या किंमत काढायच्या शीटमध्ये पहिल्या रकान्यात भरायचे आहेत.