रॉकच्या वाटेवर : ब्लाइंड फेथ, गाण्यांच्या आधी जमलेली गर्दी

मागच्या आठवड्यात आपण २६ नोव्हेंबर १९६८ च्या रात्रीपाशी थांबलो होतो. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रीम या बँडनं निरोपाचा कार्यक्रम केला आणि तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर यांच्या भांडणांना, लांबच लांब सोलोंना आणि ‘गिटारचा देव’ या बिरुदाला एरिक क्लॅप्टन विटला होता. त्याच वर्षी आलेल्या द बँडच्या ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’नं त्याला झपाटून टाकलं होतं. त्या अल्बममध्ये कुणी एकटा पुढे सरसावत नाही, सगळे मिळून गाणं सांभाळतात. क्लॅप्टनला आता तसं वाजवायचं होतं.

त्यासाठी त्याला स्टीव्ह विनवुडसारखा दुसरा जोडीदार मिळाला नसता. विनवुड जेमतेम विशीतला, पण किशोरवयापासून स्पेन्सर डेव्हिस ग्रुपमध्ये गाऊन नावारूपाला आलेला. त्याचा ट्रॅफिक हा बँडही नुकताच थांबला होता. इंग्लंडच्या बर्कशायर भागातल्या विनवुडच्या घरी दोघं नुसतेच वाजवत बसायचे. कसला बेत नव्हता, करार नव्हता. मग एक दिवस तिथं जिंजर बेकर येऊन थडकला. विनवुडला आनंद झाला. क्लॅप्टन मात्र बिचकला. बेकर आला म्हणजे तिघांतले दोघं क्रीमचे, आणि लोक याला क्रीमचाच पुढचा अवतार समजणार, हे त्याला दिसत होतं. तरी तो नाही म्हणू शकला नाही. बेस वाजवायला फॅमिली या बँडमधून रिक ग्रेच आला आणि ब्लाइंड फेथ उभा राहिला.

वर्तमानपत्रांनी त्याला लगेच ‘सुपरग्रुप’ म्हणायला सुरुवात केली. ७ जून १९६९ रोजी हाइड पार्कमध्ये पहिला कार्यक्रम झाला, तोही फुकट. लाखभर माणसं आल्याचा अंदाज आहे. त्यातल्या कुणीही या बँडचं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं, कारण अल्बम बाजारात यायला अजून दोन महिने होते. घर बांधून व्हायच्या आत वास्तुशांतीचं आमंत्रण गावभर जावं, तसा हा प्रकार. त्या दिवसाचं चित्रीकरण उपलब्ध आहे, ते जरूर पाहा. क्लॅप्टनच्या हातात टेलिकास्टरचं धड आणि स्ट्रॅटोकास्टरची मान जोडलेली गिटार आहे. तो एका बाजूला उभा राहून बेताबेतानं वाजवतो. विनवुडला गाऊ द्यावं, आपण साथ करावी, हेच त्याच्या मनात होतं. समोरच्या लोकांना मात्र गिटारचा देव हवा होता. आपलं वाजवणं जमलं नाही, अशी रुखरुख घेऊन तो मंचावरून उतरला.

अमेरिकेत हे आणखी बिघडलं. १२ जुलैला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनपासून दौरा सुरू झाला आणि तेव्हाही अल्बम दुकानात नव्हता. हाताशी स्वतःची गाणी अगदी मोजकी. प्रचंड सभागृहांतून क्रीमच्या गाण्यांच्या फर्माइशी येत राहिल्या आणि दौऱ्यात त्यांतली काही वाजवावीही लागली. ज्या ओझ्यापासून क्लॅप्टन पळाला होता, तेच पुन्हा त्याच्या खांद्यावर आलं. तो आपल्याच बँडपासून दूर राहू लागला आणि कार्यक्रमाची सुरुवात करून देणाऱ्या डिलेनी आणि बॉनी या जोडप्याच्या ताफ्यात रमला. त्यांच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती, त्यामुळे ते मनमुराद गात होते.

आता अल्बमकडे येऊ. जिमी मिलरनं निर्मिलेला हा अल्बम सहा गाण्यांचा, साधारण बेचाळीस मिनिटांचा. तो कमअस्सल आहे असं मी कधीच म्हणणार नाही. ‘कान्ट फाइंड माय वे होम’ ऐका. अकूस्टिक गिटारी, विनवुडचा वरच्या पट्टीतला पारदर्शक आवाज, आणि ढोल बडवण्यासाठी प्रसिद्ध असलेला बेकर इथं इतक्या हलक्या हातानं वाजवतो की तोच का हा, असं वाटावं. ‘प्रेझेन्स ऑफ द लॉर्ड’ क्लॅप्टननं लिहिलं, पण गायला दिलं विनवुडला. संथ प्रार्थनेसारखं चाललेलं हे गाणं मध्येच दुपटीनं धावू लागतं, वाह-वाह पेडलवरची गिटार उसळते आणि पुन्हा शांत होते. ‘सी ऑफ जॉय’मध्ये ग्रेचचं व्हायोलिन आहे. ही गाणी चौघांची आहेत, क्रीमची नाहीत. शेवटचं ‘डू व्हॉट यू लाइक’ मात्र पंधरा मिनिटांचं. त्यात प्रत्येकाला सोलो आहे आणि बेकरचा सर्वांत लांब. तिथं मला चाहत्यांची मागणी स्टुडिओत शिरलेली ऐकू येते.

त्याच उन्हाळ्यात सुपरग्रुपचं दुसरं उदाहरण घडत होतं. बर्ड्समधून डेव्हिड क्रॉस्बी, बफेलो स्प्रिंगफील्डमधून स्टीफन स्टिल्स, हॉलीजमधून ग्रॅहम नॅश. म्हणजे हाही नावाजलेल्यांचाच मेळा. पण त्यांनी तीन आवाजांचा मेळ बसवायला वेळ घेतला आणि मे १९६९ मध्ये आधी अल्बम काढला. ऑगस्टमध्ये, नील यंगला सोबत घेऊन, ते मंचावर उतरले. दुसराच कार्यक्रम वुडस्टॉकचा होता, पण तोवर गाणी लोकांच्या ओठांवर होती. माझ्या मते फरक गुणवत्तेचा नाही, क्रमाचा आहे. चाहत्यांनी काय मागावं हे त्या अल्बमनं आधीच ठरवून दिलं होतं. ब्लाइंड फेथच्या चाहत्यांना मागायला फक्त क्रीम होतं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

ब्लाइंड फेथचा शेवटचा कार्यक्रम २४ ऑगस्टला हवाईतल्या होनोलुलू इथं झाला. अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला सप्टेंबरमध्ये, म्हणजे बँड जवळपास संपल्यावर. विनवुड परत ट्रॅफिककडे वळला. बेकरनं एअर फोर्स नावाचा मोठा जथा जमवला. क्लॅप्टन आधी डिलेनी आणि बॉनीच्या साथीला गेला, आणि १९७० मध्ये त्यानं नवा बँड काढला तो डेरेक अँड द डॉमिनोज या नावाखाली, स्वतःचं नाव बाजूला ठेवून. त्या बँडच्या ‘लैला’ या अल्बमविषयी पुढच्या आठवड्यात.