पैशाविना घडलेला प्रशिक्षक
अमेरिकेतील विद्यापीठीय खेळ : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉलमधला पैसा पाहिला. हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन खेळायच्या या अमेरिकी फुटबॉलसह सर्व खेळांतल्या आपल्या खेळाडूंना मिळून एक विद्यापीठ २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर २०२५-२६मध्ये २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटू शकत होते. काही मुख्य प्रशिक्षकांचा वार्षिक पगार तर १ कोटी डॉलरच्या पुढे गेला आहे. याच खेळाचे दुसरे टोक म्हणजे एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या संघटनेची तिसरी श्रेणी. १९७३ साली संघटनेने महाविद्यालयांची तीन श्रेणींत विभागणी केली. वरच्या श्रेणीतले संघ २०२४-२५पर्यंत ८५ पूर्ण क्रीडाशिष्यवृत्त्या देत असत. तिसऱ्या श्रेणीत एकही देता येत नाही. आर्थिक गरज किंवा परीक्षेतले गुण एवढ्याच आधारावर मदत मिळते आणि बाकीची फी खेळाडूचे आईवडील भरतात किंवा त्यासाठी कर्ज काढतात. अशी दोनशेहून अधिक कॉलेजे दर शनिवारी मैदानात उतरतात. तरीही गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठ्या विद्यापीठांनी आपले बुडते संघ सावरायला ज्यांना बोलावले, त्यांतल्या काही ठळक प्रशिक्षकांची जडणघडण याच श्रेणीत किंवा तिच्या शेजारच्या लहान कॉलेजांत झालेली दिसते. याचे कारण, माझ्या मते, त्यांनी तिथे जिंकलेल्या चषकांपेक्षा तिथल्या कामाच्या अटींत सापडते. खेळाडू विकत घेता येत नाही आणि अभ्यासापुढे सरावाला माघार घ्यावी लागते, अशा ठिकाणी प्रशिक्षकाला शिकवण्यावाचून दुसरा मार्गच उरत नाही.

या अटी रोजच्या कामात कशा उतरतात, हे मिनेसोटातल्या सेंट जॉन्स विद्यापीठाच्या जॉन गॅग्लियार्डी यांच्या कारकिर्दीवरून कळते. १९५३ ते २०१२ असे साठ हंगाम ते एकाच ठिकाणी राहिले. त्याआधीची मोंटानातल्या कॅरल कॉलेजमधली चार वर्षे धरून त्यांच्या नावावर ४८९ विजय आहेत. विद्यापीठीय फुटबॉलच्या इतिहासात एवढे विजय दुसऱ्या कोणाचेही नाहीत. त्यांच्या सरावात शिट्टी नव्हती, अंगावर झेपावून पाडणे नव्हते आणि सराव दीड तासाच्या आसपास संपत असे. संघातून कोणाला वगळत नसल्यामुळे मैदानावर दीडशेहून अधिक मुले असत आणि ती त्यांना ‘कोच’ न म्हणता ‘जॉन’ म्हणत. हा लहरीपणा वाटेल, पण परिस्थिती पाहिली की त्यामागचा हिशोब दिसतो. दुपारी प्रयोगशाळेतून धावत येणाऱ्या आणि रात्री पुन्हा ग्रंथालयात बसणाऱ्या मुलाचा थोडाच वेळ प्रशिक्षकाच्या वाट्याला येतो. शिष्यवृत्ती नसल्यामुळे ती काढून घेण्याचा धाकही नसतो. कंटाळलेला मुलगा उद्यापासून आला नाही तरी त्याचे शिक्षण थांबत नाही. थोड्या वेळात, दुखापत होऊ न देता, आवड टिकवून शिकवायचे, तर अनावश्यक ते सारे गाळावेच लागते. ओहायोतल्या माउंट युनियनचे लॅरी केरेस यांनी १९८६ ते २०१२ या काळात ३३२ सामने जिंकले, २४ गमावले आणि अकरा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, तीही अशाच अटींखाली. त्यांच्याकडे खेळलेला निक सिरियानी पुढे फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि फेब्रुवारी २०२५मध्ये त्याने व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बोल, जिंकला.

आता वर चढलेल्यांकडे पाहू. लान्स लायपोल्ड यांनी तिसऱ्या श्रेणीतल्या विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरला आठ हंगामांत १०९ विजय आणि सहा विजेतेपदे मिळवून दिली. सहाही अंतिम सामन्यांत समोर माउंट युनियन होते. पुढे २०२१मध्ये त्यांनी कॅन्सस विद्यापीठाच्या संघाची सूत्रे घेतली. त्या संघाने आदल्या हंगामातले सर्व नऊ सामने गमावले होते. २०२३मध्ये तोच संघ नऊ सामने जिंकला. केलन डीबोर यांची सुरुवात दक्षिण डाकोटातल्या सू फॉल्स विद्यापीठात झाली. तिथे ६७ विजय, ३ पराभव अशी कामगिरी केल्यानंतर बऱ्याच वर्षांनी ते वॉशिंग्टन विद्यापीठात आले. २०२१मध्ये चारच सामने जिंकलेला तो संघ त्यांच्या पहिल्या हंगामात अकरा आणि दुसऱ्यात चौदा सामने जिंकून राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला. कर्ट सिग्नेटी यांनी तर उलट वाट धरली. अलाबामासारख्या बलाढ्य संघातले सहायकपद सोडून २०११मध्ये ते दुसऱ्या श्रेणीतल्या इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियात मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. नावात साम्य असलेले इंडियाना विद्यापीठ त्यांच्याकडे आले ते २०२४मध्ये. २०२३मध्ये तीन सामने जिंकलेल्या त्या संघाने २०२५च्या हंगामात सोळापैकी सोळा सामने आणि राष्ट्रीय विजेतेपद जिंकले.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. शेकडो प्रशिक्षकांतले तीन-चार यशस्वी निवडून त्यांच्यावरून नियम काढणे सोपे असते. लहान कॉलेजांतच राहिलेल्यांचा किंवा वर जाऊन पडलेल्यांचा हिशोब कोण ठेवतो? आक्षेप रास्त आहे. सू फॉल्स आणि सिग्नेटींचे कॉलेज यांना मर्यादित शिष्यवृत्त्या देता येत होत्या, आणि लायपोल्ड यांनी तरुणपणी मोठ्या विद्यापीठांत सहायकाचे काम केले होते, हेही सांगायला हवे. म्हणून लहान कॉलेजातून आलेला प्रत्येक जण चांगला प्रशिक्षक असतो, असा माझा दावा नाही. हे यश कोणत्या प्रकारचे आहे, याकडे मला लक्ष वेधायचे आहे. तिघांनाही हरणारे संघ मिळाले, आणि फरक पडला तो संघ घडवण्यात. कॅन्ससच्या आधी लायपोल्ड बफेलो विद्यापीठात होते. तिथे दुसऱ्या हंगामात त्यांना दोनच विजय मिळाले, चौथ्यात दहा. शिकवण्याचे फळ उशिरा येते, आणि ते येईपर्यंत बफेलोने त्यांना ठेवले. आता खेळाडूंना दरवर्षी विद्यापीठ बदलता येते. सिग्नेटी इंडियानाच्या लगेच आधीच्या आपल्या विद्यापीठातले डझनभर खेळाडू सोबत घेऊन इंडियानाला गेले, त्यामुळे त्यांचे यश उसने आहे असेही म्हटले जाते. पण दरवर्षी निम्मा संघ नवा असेल, तर नव्या मुलांना थोड्या वेळात एका रीतीत आणणारा प्रशिक्षकच टिकतो.

दुसरा आक्षेप अधिक खोलवर जातो. लहान कॉलेजांतला ‘आधी अभ्यास’ हा बाणा खरा आहे का? जेम्स शुलमन आणि विल्यम बोवेन यांनी २००१मध्ये निवडक कॉलेजांच्या नोंदी तपासून दाखवले की प्रशिक्षकाच्या शिफारशीने आलेल्या खेळाडूंना प्रवेशात मोठी सवलत मिळते आणि वर्गात ते अपेक्षेपेक्षा मागे राहतात, अगदी शिष्यवृत्ती न देणाऱ्या कॉलेजांतही. डिसेंबर २०००मध्ये स्वार्थमोर कॉलेजने फुटबॉल बंद केला, त्यामागेही हाच प्रश्न होता : प्रवेशाच्या थोड्या जागांपैकी किती खेळाला द्यायच्या? हे निष्कर्ष मला मान्य आहेत. पण ते माझ्या मुद्द्याला बळच देतात. दीड हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात शंभर फुटबॉलपटू म्हणजे पंधरातला एक. चाळीस हजारांच्या विद्यापीठात तेवढा संघ नजरेआड राहू शकतो. लहान कॉलेजात प्राध्यापक, प्रवेश समिती आणि प्रशिक्षक एकमेकांना टाळू शकत नाहीत. भांडण उघड होते, आणि प्रशिक्षकाला प्राध्यापकांसमोर उत्तर द्यावे लागते.

खरा धोका पैशाकडूनच आहे, फक्त तो उलट्या दाराने येतो. विद्यार्थीसंख्या घटत असताना अनेक लहान कॉलेजे फुटबॉलकडे फी भरणारी शंभर मुले आणण्याचे साधन म्हणून पाहतात. जॉर्जियातल्या बेरी कॉलेजने २०१३मध्ये संघ उभा केला. अर्कान्सातल्या हेंड्रिक्सने त्याच वर्षी जुना संघ पुन्हा सुरू केला. हा उपाय प्रत्येकाला तारतोच असे नाही. अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्नने २००७मध्ये फुटबॉल परत आणला, तरी ते कॉलेज मे २०२४मध्ये बंद पडले. प्रशिक्षकाचे मोजमाप त्याने किती मुले भरती केली यावर होऊ लागले, की तो शिक्षक राहत नाही, विक्रेता होतो. मग कॉलेज लहान असल्याचा खेळाला काहीच फायदा उरत नाही. त्यामुळे आपला प्रशिक्षक मोठ्या विद्यापीठाने नेला याचे दुःख लहान कॉलेजांनी करू नये, आणि त्याच्या नावाचा फलक लावून समाधानही मानू नये. पहिल्या वर्षी आलेला मुलगा चौथ्या वर्षी मैदानावर किती सुधारला आणि पदवी घेऊन बाहेर पडला का, या दोन कसोट्यांवर नेमणूक आणि पगारवाढ ठरवणे त्यांच्या हातात आहे. ते केले, तर एक प्रशिक्षक गेल्यावर दुसरा घडायला जागा राहील.

(पुढील लेखांकात : खेळाडूंची बदली आणि पदवीचे काय होते?)