थांबा, सदरा घालतो

माणसाला स्टुडिओत न बोलावता त्याच्याच घरात, दुकानात, कामाच्या जागी जाऊन भोवतालासकट त्याचा फोटो काढायचा, याला आम्ही फोटोग्राफर ‘एन्व्हायर्न्मेंटल पोर्ट्रेट’ म्हणतो. मी हेच काम करते. त्यात लेन्स कोणती, दिवे किती, हे प्रश्न नंतरचे. भोवतालातलं काय दिसावं आणि काय दिसू नये, हे ठरवणार कोण?

अर्नॉल्ड न्यूमन हे या प्रकारातलं मोठं नाव. 1946 साली त्यांनी संगीतकार स्ट्राव्हिन्स्कींना एका कोपऱ्यात बसवलं आणि बाकीची चौकट पियानोच्या उघड्या काळ्या झाकणाला दिली. 1963 साली जर्मन उद्योगपती आल्फ्रीड क्रुपच्या चेहऱ्यावर मात्र त्यांनी दोन्ही बाजूंनी असा प्रकाश टाकला, की तो सैतान दिसावा. क्रुपच्या कारखान्यांत नाझी काळात गुलाम मजूर राबवले गेले होते, आणि न्यूमन ज्यू होते. तो फोटो मला योग्यच वाटतो. पण दिवा कुठे ठेवला यावर माणसाची ओळख ठरते, हेही त्यातून कळतं. क्रुप चिडला, त्याला चिडता आलं. रस्ता झाडणाऱ्या बाईचा फोटो कसाही छापला, तरी तिच्यापर्यंत तो पोचतसुद्धा नाही.

पुण्याच्या तांबट आळीत एका काकांचा फोटो काढायला गेले, तेव्हा ते बनियनवर घंगाळ ठोकत होते. तांब्यावर हातोडीचे एकसारखे ठसे उठवायच्या या कामाला मठारकाम म्हणतात. त्याने पत्रा कडक होतो, झळाळी येते. घामेजलेले खांदे, खिडकीतून तिरपा उजेड. कुणालाही मोह पडावा.

काका म्हणाले, “थांबा, सदरा घालतो. आणि हे घंगाळ अर्धवट आहे, पुरं झालेलं घेऊ.” मग फळीवरून वडिलांची हातोडी काढली. “ही दिसली पाहिजे.” दांड्यावर अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता. तो आणि चेहरा, दोन्ही स्वच्छ यावेत म्हणून लेन्सचं छिद्र लहान केलं. मग उजेड कमी पडतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर, आणि काकांनी हलायचं नाही. हे त्यांना समजावलं, पहिला फोटो स्क्रीनवर दाखवला. “मान वाकडी आलीय,” म्हणाले. परत काढला.

बनियनवरचा फोटो जास्त खरा झाला असता, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. चारचौघांत जाताना काका सदरा घालतात, हे खोटं आहे का?

अमेरिकेत बफेलो शहरात मिल्टन रोगोविन नावाचे चष्म्याचे डॉक्टर होते. 1972 पासून त्यांनी तिथल्या गरीब वस्तीतल्या लोकांचे फोटो काढले. कसं उभं राहायचं, कुणाला जवळ घ्यायचं, हे लोकांवर सोडायचे आणि छापलेली प्रत नेऊन द्यायचे. पुढच्या दशकांत त्याच लोकांकडे ते पुन्हा गेले, तेव्हा त्यांना दारं उघडी मिळाली, यात मला नवल वाटत नाही.

आपल्याकडे जव्हारला फोटोग्राफर गौरी गिल यांनी 2015 पासून केलेलं काम याच्याही पुढे जातं. तिथे बोहाडा या उत्सवासाठी देवादिकांचे कागदी लगद्याचे मुखवटे करतात. गिल यांनी सुभाष आणि भगवान कडू या भावांना आणि इतर कलाकारांना रोजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितले: माणसं, प्राणी, वस्तू. ते चढवून गावकऱ्यांनीच घरात, दुकानात, दवाखान्यात प्रसंग उभे केले. चेहरे झाकलेले, तरी बसण्या-उठण्यावरून माणसं ओळखीची वाटतात.

फोटो छापायला देण्याआधी मी त्याखालची ओळही त्या माणसाला वाचून दाखवते. काकांनी ‘एक तांबट कारागीर’ खोडायला लावलं आणि स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, घालायला सांगितलं. एका बाईंनी मात्र, फोटो आवडूनही, घरी बोलणी बसतील म्हणून नको म्हटलं. फाइल त्यांच्यासमोर पुसली. प्रत त्यांच्याकडे आहे.