तणीस, पिंजर आणि हुल्लु

परसवाड्याला माझ्या लेकीचं सासर. बालाघाट जिल्ह्यातला हा सारा भाताचा मुलूख. मागच्या हंगामात गेले, तर परसात काडाची भलीमोठी गंजी. आम्ही बेळगावकडचे त्याला पिंजर म्हणतो, माझ्या सासूबाई हुल्लु म्हणत. विहीणबाई हसून म्हणाल्या, "आमच्याकडे तणीस."

शेजारच्या शेतात यंत्राने कापणी झाली होती आणि उरलेलं काड पेटवलं होतं. त्या धुराने नातू रात्रभर खोकला. सकाळी व्याही म्हणाले, "आमच्याही खालच्या बांधीत उद्या काडी लावणार. मजूर मिळत नाहीत, गव्हाची पेरणी तोंडावर आली."

जावई विज्ञान शिकवतात. ते म्हणाले, "आई, तुमचं दोशाचं पीठ रात्रीत फुगतं ना? तसेच काही जिवाणू साखर खाऊन ब्युटेनॉल, ॲसिटोन आणि इथेनॉल तयार करतात. ब्युटेनॉल इंधन म्हणूनही चालतं." पहिल्या महायुद्धात शास्त्रज्ञ वाइझमन यांनी मक्यापासून याच रीतीने ॲसिटोन काढलं, बिनधुराच्या दारूगोळ्याला ते लागे. हेच वाइझमन पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

काडातही साखर असते, पण घट्ट बांधलेली. आधी आम्ल आणि वाफेने ती गाठ सैल करायची, मग विकरांनी साखर सुटी करायची. नेहमीच्या यीस्टला त्यातल्या सगळ्या साखरा पचत नाहीत. या जिवाणूंना बहुतेक पचतात. अडचण एकच, ब्युटेनॉल शेकडा दीडच्या आसपास गेलं की ते जिवाणूंनाच विष ठरतं. मग एवढ्या पाण्यातून ते वेगळं काढायला खर्च फार.

इथेनॉलचं काम पुढे गेलं आहे. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या काडावरचा कारखाना 10 ऑगस्ट 2022 रोजी राष्ट्राला अर्पण झाला. तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचं. वर्षाला सुमारे 2 लाख टन काडापासून 3 कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा आराखडा.

"पण पानिपत कुठं, परसवाडा कुठं!" व्याही म्हणाले. खरंच होतं. काड हलकं, जागा मात्र फार खातं; लांब नेलं तर भाडंच अंगावर येतं.

तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "कारखाना येईल तेव्हा येईल. आधी माझ्या गाई." दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे विळे घेऊन बांधीत उतरलो. अर्धंच काड घरी आलं, अर्धं राहिलं. पण त्या रात्री नातू शांत झोपला.

वाचकहो, पिंजर म्हणा, हुल्लु म्हणा. त्याला कचरा मात्र म्हणू नका.