पद गेले, कार्य राहिले

जुन्या वैद्यांच्या गोष्टी तुम्ही घरी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या असतील. काही वैद्य औषधाची पुडी देत. परंतु तिच्यात कोणत्या वनस्पती किती प्रमाणात आहेत, हे कोणासही सांगत नसत. रोग्यास गुण येई. पण वैद्यबुवा गेले की त्यांच्याबरोबर औषधाचा तो पाठही जाई. उलट, ज्यांनी पाठ लिहून ठेवला व शिष्यांस शिकविला, त्यांचे औषध त्यांच्यामागेही टिकले.

संगणकाच्या आज्ञावलींचेही असेच आहे. प्रोग्रामर जी आज्ञावली लिहितो, तिला सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता, असे म्हणतात. पुढे तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर होते व ते रूप वाचून समजणे माणसाला फार कठीण असते. पुष्कळ व्यापारी कंपन्या गिऱ्हाइकास हे यंत्ररूप तेवढे देतात आणि मूळ संहिता गुप्त ठेवतात. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता व इतरांस देता येते, त्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. अशा कार्याचे नेतृत्व कसे चालते, हे मिचेल बेकर या अमेरिकन बाईंच्या चरित्रावरून चांगले समजते.

बेकरबाईंचा जन्म 1957 साली कॅलिफोर्नियात झाला. बर्कले येथील विद्यापीठात त्यांनी प्रथम चीनविषयक अभ्यास केला आणि 1987 साली कायद्याची पदवी घेतली. म्हणजे शिक्षणाने त्या प्रोग्रामर नव्हेत, तर वकील! 1994 साली त्या नेटस्केप या कंपनीच्या कायदा विभागात रुजू झाल्या. इंटरनेटवरील पाने पाहण्याचे जे साधन, त्या ब्राउझरच्या व्यवसायात नेटस्केप तेव्हा अग्रेसर होती. पुढे मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोजबरोबरच देण्यास आरंभ केला, तेव्हा नेटस्केपची पीछेहाट सुरू झाली. अखेर जानेवारी 1998 मध्ये तिने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता जगास खुली करण्याचे जाहीर केले. या प्रकल्पाचे नाव मोझिला.

परंतु संहिता खुली करणे म्हणजे नुसते कपाट उघडणे नव्हे. ती कोणी, कोणत्या अटींवर वापरावी, हे परवानापत्रात लिहावे लागते. ते काम बेकरबाईंकडे आले. पहिला मसुदा लोकांपुढे ठेवताच त्यावर टीका झाली. कारण त्यात नेटस्केपने स्वतःकरिता खास हक्क राखले होते. त्या टीकेचा विचार होऊन, सर्वांस समान वागविणारा मोझिला परवाना तयार झाला. त्याचे सार असे : ही संहिता कोणीही वापरावी, तिच्यापासून व्यापारही करावा; मात्र तिच्या मूळ फाइलींत बदल करून ते सॉफ्टवेअर इतरांस दिले, तर त्या बदललेल्या फाइलीही खुल्या ठेवाव्यात. स्वतः वेगळ्या लिहिलेल्या फाइलींवर हे बंधन नाही.

1999 साली बेकरबाई या प्रकल्पाच्या प्रमुख झाल्या. मोझिलाचे बोधचिन्ह एक प्रचंड सरडा असल्याने, त्यांनी ‘सरड्यांची मुख्य राखणदार’ अशा अर्थाचे विनोदी पद घेतले. विनोदात तथ्य होते. प्रकल्पातील काही माणसे पगारी, तर काही स्वयंसेवक होती. त्यांपैकी पुष्कळांना हुकूम करण्याचा अधिकार बाईंना नव्हता. चर्चा करून, पटवून, विश्वास संपादूनच काम पुढे न्यावे लागे.

या विश्वासाची कसोटी 2001 साली लागली. नेटस्केप तोपर्यंत एओएल या कंपनीच्या ताब्यात गेली होती. एओएलने नोकरकपात केली, तीत बेकरबाईंची नोकरी गेली. तरीही त्यांनी पगाराशिवाय, स्वयंसेवक म्हणून, मोझिलाचे नेतृत्व चालू ठेवले. आणि सहकाऱ्यांनीही ते मान्य केले! कंपनीला नोकरी काढून घेता आली. पण परवान्याने मुक्त झालेली संहिता आणि सहकाऱ्यांनी दिलेला मान काढून घेता आला नाही.

जुलै 2003 मध्ये मोझिला प्रतिष्ठान ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. एओएलनेच तिला वीस लाख डॉलर देऊ केले. 9 नोव्हेंबर 2004 रोजी फायरफॉक्स या ब्राउझरची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. त्यानिमित्त न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात आली. तिचा खर्च वर्गणीतून झाला होता आणि तीत हजारो वर्गणीदारांची नावे छापली होती. वर्षभरातच फायरफॉक्स दहा कोटी वेळा उतरवून घेतला गेला. 2005 साली बेकरबाई मोझिला कॉर्पोरेशनच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या.

पुढचा मार्ग मात्र निष्कंटक नव्हता. गूगलच्या क्रोमपुढे फायरफॉक्सचा वापर घटत गेला. शिवाय मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्याच गूगलशी केलेल्या शोधसेवेच्या करारातून येई. 2020 साली बेकरबाई पुन्हा मुख्य अधिकारी झाल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुमारे 250 जणांस कमी करण्याचा निर्णय त्यांना जाहीर करावा लागला. एकेकाळी स्वतः कपातीत सापडलेल्या बाईंवर हा प्रसंग यावा, हे दैवाचे विचित्र कोडेच! त्या काळात त्यांच्या वाढलेल्या वेतनावर टीकाही झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि 2025 मध्ये मोझिलाचाही निरोप घेतला.

बाई गेल्या, पण पाठ खुला असल्याने काम थांबले नाही. फायरफॉक्स मराठीतही मिळतो, आणि त्यातील मराठी शब्द स्वयंसेवकांच्या श्रमांतून आले आहेत. तेव्हा या कार्यात भाग घेण्यास थोर प्रोग्रामरच असावे लागते, असे नाही. एखाद्या मेनूतील चुकीचा मराठी शब्द दुरुस्त करून पाठविणे, हेही त्यातील एक काम आहे. आणि ते तुमच्यापैकी कोणालाही करता येण्याजोगे आहे.