डगमगणारं पिल्लू आणि गप्प बसलेली म्हातारी मांजर

परभणीहून जिंतूरकडे जाताना झरीच्या पुढे बोरी लागतं. कापूस-सोयाबीनचं गाव. धान्य आहे तिथे उंदीर आणि उंदीर आहेत तिथे मांजर. अशा गावात मांजर कुणी विकत आणत नाही. ती आपसूक येते, राहते, कडब्याच्या गंजीत नाहीतर माळवदाखालच्या अडगळीत विते आणि पिल्लं सात घरं फिरवते. त्या पिल्लांत कधीतरी एखादं निराळं निघतं.

भावंडं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पळायला लागतात, तेव्हा हे पाय फाकवून कसंबसं उभं राहतं. दोन पावलं टाकली की मागच्या अंगाने कलंडतं. बशीकडे तोंड नेलं की मान गदगदा हलते, नाक दुधात बुडतं. ते शिंकतं आणि पुन्हा तोंड घालतं. तेच पिल्लू झोपलं की थरथर साफ थांबते. पाहणारे म्हणतात, ‘याला वारं लागलं, हे जगायचं नाही.’ मग ते उकिरड्यावर नेऊन सोडलं जातं.

हे पिल्लू जगतं. तोल आणि हालचाल सांभाळणारा लहान मेंदू त्याच्यात पुरता वाढलेला नसतो, एवढाच दोष. पशुवैद्यकात याला सेरेबेलर हायपोप्लेजिया म्हणतात. नेहमीचं कारण म्हणजे मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया या रोगाचा विषाणू. मांजर गाभण असताना, विशेषतः शेवटच्या दिवसांत, किंवा पिल्लू जन्मल्यावर लगेच हा संसर्ग झाला तर लहान मेंदूतल्या वाढत्या पेशी मरतात. अशी मांजरं एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टरांना माहीत होती, पण विषाणूचा हात किलहॅम आणि मार्गोलिस या अमेरिकी संशोधकांनी १९६६ मध्ये दाखवून दिला. नुकसान एकदाच होतं, पुढे वाढत नाही. त्याला औषध नाही आणि मुख्य म्हणजे ते दुखत नाही. दोष फार तीव्र नसेल तर असं मांजर इतरांइतकंच आयुष्य काढतं आणि पडत-झडत आपली चाल शिकून घेतं.

आता अशाच गावातल्या एखाद्या घरातली दुसरी मांजर बघा. वय बारा-तेरा. आधी ओट्यावरून देवळीत आणि देवळीतून माळवदावर जायची. आता ओट्यापाशी येते, वर बघते आणि परत फिरते. पाठीचे केस गुंतलेले, कारण मान वळवून चाटणं जमत नाही. नखं वाढून वाकलेली. कमरेला हात लावला की गुरगुरते. घरचे म्हणतात, म्हातारी झाली, आळशी झाली, तिरसट झाली. लंगडत नाही आणि ओरडत नाही म्हणून कुणाच्या मनात दुखण्याचा विचारच येत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात म्हाताऱ्या मांजरांचे एक्स-रे तपासले होते. बारा वर्षांवरच्या नव्वद टक्के मांजरांत सांध्यांची झीज दिसली. मांजराची जात दुखणं लपवणारी आहे, कारण ते शिकार करतं तसं स्वतःही मोठ्या जनावराची शिकार होतं.

म्हणजे आपली दया चुकीच्या जागी जाते. जे दुखत नाही त्यावर आपण हळहळतो आणि जे दुखतंय त्याला स्वभाव म्हणतो. दोन्ही गोष्टी एकाच मांजरात आल्या तर गोंधळ आणखी वाढतो. जन्मापासून झोकांड्या खाणारं मांजर म्हातारं झालं की त्याचेही सांधे झिजतात, आणि चाल आधीच वाकडी असल्याने नवं दुखणं त्यात दडून जातं. अशा वेळी चाल सोडून चेहरा बघावा. कान बाजूला पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले, नाकाभोवतीचा भाग ताणलेला, मिशा ताठ, डोकं खांद्याखाली झुकलेलं, या पाच खुणांवरून मांजराचं दुखणं मोजायची पद्धत माँट्रियलच्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांडली. ती घरच्या माणसालाही शिकता येते.

मात्र चांगलं चालणारं मांजर अचानक डगमगायला लागलं, तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. गोठ्यात गोचिडांवर फवारतात ती सायपरमेथ्रिन-डेल्टामेथ्रिनसारखी औषधं अंगाला लागून, मग चाटण्यातून पोटात गेली की मांजर थरथरतं, झटके येतात. भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात अंग धुवायचं आणि निघायचं. मागचे पाय एकाएकी गेले, ते गार पडले आणि मांजर आक्रोश करतंय, तर रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. मधुमेहाने मागच्या पायांची चाल टाचांवर येते. घरात कलेजीचीच चटक लावली असेल तर अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने मानेचे मणके जुळून जातात, त्यात सांधे आणि नसा दोन्ही सापडतात. आणि रेबीज विसरायचा नाही. लाळ गळणारं, आवाज बदललेलं, अंगावर येणारं मांजर हाताळायचं नाही. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची.

सगळ्यांत कळकळीने सांगायचं ते गोळीबद्दल. सांधा दुखतो म्हणून घरातली पॅरासिटामॉल चुरून दुधात घालणं म्हणजे मांजराला विष घालणं. हे औषध निकामी करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फारच तोकडी असते. रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. पाचशे मिलिग्रॅमची एकच गोळी जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनही तसंच. माणसाचं दुखण्यावरचं मलम लावलं तर मांजर ते चाटून घेतं. पशुवैद्य मेलॉक्सिकॅम देतात, पण वजन करून, मूत्रपिंडाची तपासणी करून, अगदी थोड्या मात्रेत. गायीला दिलेल्या इंजेक्शनचा उरलेला थेंब मांजराला द्यायचा नाही.

बाकीची शुश्रूषा गोळीइतकीच कामाची आणि जवळपास फुकट आहे. गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरा, म्हणजे डगमगणाऱ्याला नखं रोवता येतात आणि म्हातारीचे पाय घसरत नाहीत. पसरट, जड परातीत किंचित उंचावर खाणं ठेवा. शौचासाठी कमी काठाच्या घमेल्यात माती भरा. आवडत्या जागेपर्यंत विटांच्या पायऱ्या रचा. हौद झाका, जिन्याला आडोसा करा. म्हातारीची नखं कापा, पाठ विंचरा. वजन वाढू देऊ नका. नुसती दूध-भाकरी पुरत नाही, मांजराला मांस, मासे, अंडं लागतंच. मासे मात्र शिजवूनच द्या, कारण काही जातींच्या कच्च्या माशांनी थायमिन नष्ट होऊन पुन्हा मेंदूचाच विकार उद्भवतो.

दिवाळीच्या सुमारास थंडी सुरू होते. परभणीचा पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांखाली जातो आणि दुखरे सांधे अशा रात्री जास्त आखडतात. चुलीजवळच्या कोपऱ्यात जमिनीपासून वर, वारा लागणार नाही अशी दुहेरी गोधडी पुरते. पणत्या मात्र उंचावर ठेवा, डगमगणाऱ्या मांजराला शेपटी सावरता येत नाही. सणासाठी फिनेलने फरशी पुसली असेल तर वाळून पुन्हा साध्या पाण्याने पुसल्याशिवाय मांजर आत घेऊ नका. फिनॉल त्याला पचत नाही, आणि पंजे तर ते चाटणारच.

बोरीकरांना डॉक्टर फार लांब नाही. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय आहे, आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. जाताना मांजराच्या चालण्याचं, उडी मारण्याचं मोबाइलवर चित्रण करून न्या, कारण दवाखान्याच्या टेबलावर मांजर दबून बसतं आणि डॉक्टरांना चाल दिसत नाही. पॅनल्युकोपेनियाची लस पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झाल्यावर सुरू करतात आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत तिचे पुढचे डोस देतात. जिवंत विषाणूची लस गाभण मांजरीला देत नाहीत, म्हणून ती गाभण राहण्याआधीच द्यायला हवी. तुमच्या दारी येणाऱ्या मांजरीला ती एकदा देऊन आणा, आणि उकिरड्यावर सोडायला काढलेलं डगमगणारं पिल्लू दिसलं तर ते घरी ठेवून घ्या.