सुईणीच्या रीती विज्ञानाच्या कसोटीवर

बेलापूरजवळ खाडीकाठी दिवाळे हे कोळ्यांचे जुने गाव आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे गावाभोवती नवी मुंबई उभी राहिली. त्याआधी अशा कोळीवाड्यांत बाळंतपण बहुधा घरीच होई. ते करी सुईण. तिच्याजवळ पुस्तके नव्हती, अनुभव होता. तिच्या काही रीती आपण तपासून पाहू या.

पहिली रीत उबेची. आईच्या पोटात बाळ सुमारे ३७ अंश सेल्सिअस उबेत असते. बाहेर येते ते ओलेचिंब. अंगावरच्या पाण्याची वाफ होताना उष्णता जाते आणि इवलासा जीव झटकन गारठतो. म्हणून बाळाला कोरडे करून आईच्या अंगाशी धरणे उत्तम. बंद खोलीतली शेगडी मात्र नको. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो.

दुसरी रीत नाळेची. वार पडेपर्यंत अनेक सुईणी नाळ कापत नसत. तेवढ्या वेळात वारेतले रक्त बाळाला मिळते, आणि रक्ताबरोबर लोहही. आज डॉक्टरही निदान एक मिनिट थांबावे असे सांगतात. पण नाळ विळ्याने कापली, वर राख किंवा शेण लावले, तर मातीतले धनुर्वाताचे जंतू शरीरात शिरत. त्यापायी कितीतरी बाळे दगावली. लस आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे २०१५ पर्यंत भारतात हा रोग आटोक्यात आला.

तिसरी रीत आहाराची. अळिवात लोह भरपूर असते. किनाऱ्यावर बाळंतिणीला मुशी देतात; तिच्यात प्रथिने असतात, पण मोठ्या मुशीच्या मांसात पाराही साठतो. तेव्हा लहान मासे बरे. काही ठिकाणी पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकत. ही चूकच! त्यातली प्रतिपिंडे रोगांशी झुंजतात.

जुने ज्ञान आणि नवे शास्त्र एकत्र आले तर काय होते? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. सुईणीच्या जोडीला त्याही बाळंतिणीच्या घरी जात. हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यात ६२ बाळे दगावत. १९९८ पर्यंत हा आकडा सुमारे २५ वर आला.

आता तुम्ही आजीला विचारा. घरातल्या बाळंतपणाच्या पाच रीती वहीत लिहा आणि प्रत्येकीपुढे मांडा : उपयोगी, निरुपद्रवी की घातक? कारणही लिहा, आणि शिक्षकांना दाखवा.